कोणाचे तुम्ही?

शरणपूरच्या आमच्या देवळात
हजेरीचं पुस्तक माझ्याकडे असतं.
एकवीस वर्षं झाली. निळी शाई, पट्टी धरून मारलेल्या रेघा.
कोण आलं, कोण नाही,
कोण दुसऱ्या स्तोत्रानंतर मागच्या दारानं शिरलं,
सगळं मला ठाऊक.

सुवार्ताबाई उजागरे : सलग अकरा रविवार गैरहजर.
पंचमंडळींनी ठरवलं, कोणीतरी जाऊन विचारावं.
कोणीतरी म्हणजे नेहमी मीच.

उपासना आटोपून गेलो तर दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, सिव्हिलला असतील.
म्हणजे आजारी.
गाडीवरून अर्धा डझन मोसंबी घेतली
आणि त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला थांबल्या थांबल्या
आजाऱ्यासाठीची प्रार्थना जुळवून ठेवली.

आजारी नव्हत्या.
वॉर्डाबाहेर, व्हरांड्यातल्या फरशीवर
सुरगाण्याच्या, पेठच्या, हरसूलच्या माणसांत
मांडी घालून बसलेल्या,
आणि मधोमध एक एक्स्टेंशन बोर्ड,
त्याला लोंबकळणारे सहा मोबाईल.

"चालू सॉकेट एकच आहे हो इथं," म्हणाल्या. "बसा."
बस, एवढंच.
ना सलाम, ना अकरा रविवारांचा हिशोब.

चिकटपट्टी लावलेला एक फोन जागा झाला.
एका म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांनी कानाशी धरला,
गावाकडे लेकीला एवढंच सांगितलं,
"आई हाय अजून."
आणि परत बोर्डाला लावायला दिला.

पहिल्या दिवशी वॉचमननं पिशवी उपसली होती म्हणे.
पत्रकं शोधत होता.
निघाली वायर, निघाला थर्मास,
निघाला मुलांच्या डोक्याला लावायचा तेलाचा डबा.
आता तोही स्वतःचा फोन आणून लावतो, सगळ्यात आधी.

मी विचारलं, कुजबुजत, देवळात विचारावं तसं :
"इथं प्रभूविषयी काही बोलता का?"
"विचारलं तर."
"विचारतात?"
"विचारतात ना. बाई, तुम्ही कोणाच्या?
गाव विचारतात, जात विचारतात, त्याच सुरात.
मी सांगते, येशूची.
मग कोणी म्हणतं, कुठला हो तो? मग सांगते.
कोणी म्हणतं बरं, आणि चहा पितं."

तेवढ्यात स्ट्रेचर आलं. त्या म्हाताऱ्याची बायको.
एक्स-रेला खाली न्यायची, ढकलायला एकच मामा,
आणि सलाईनची बाटली कोणीतरी धरायची.
कोणीतरी.

"वर धरा. खाली आणू नका, रक्त उलटं चढतं."
लांबच लांब बोळ, मग उतार, मग रांग.
खांदा भरून आला, बोटं मुंग्यांची झाली.
मोशेचे हात थकले तेव्हा दोघांनी ते टेकून धरले,
रविवारच्या शाळेत मी हा धडा किती वर्षं शिकवला.
हात किती दुखत असतील, हे कधी
कुठल्या मुलानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रांगेत म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं,
इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.
"दादा, कोणाचे तुम्ही?"

एकवीस वर्षं लोकांची नावं लिहिली.
हा प्रश्न मला कोणी घातलाच नव्हता.
उजागरेबाईंचं उत्तर जिभेवर आलं,
पण ते त्यांचं होतं.
बाटली मात्र मी आणखी वर धरली.
म्हाताऱ्यानं माझ्या कोपराखाली
आपला हात लावला.

मोसंबी कुठं गेली कळलं नाही.
जुळवलेली प्रार्थनाही.

पुढच्या रविवारी पुस्तक उघडलं. खांदा अजून धरलेला.
उजागरेबाईंच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
शाईचा एक ठिपका तिथं पसरत गेला, आणि मी
पुढच्या नावाकडे वळलो.

सोमवारी रविवार कारंज्यावरच्या दुकानात विचारलं,
सहा सॉकेटचा बोर्ड केवढ्याला?
दुकानदार म्हणाला, "वायर किती लांब हवी?"
मला सांगता येईना.